एकोणसत्तर नंबरची सीबीझेड: प्रकल्प नोंदी

६ मे २०१७, शनिवार

ताडपत्री काढली एकदाची. पडवीच्या कोपऱ्यात गाडी चार पावसाळे उभी होती. टाकीच्या तळाला चहाच्या रंगाचं पाणी, साखळी गंजून काठीसारखी ताठ, सीटमध्ये उंदराने संसार थाटलेला. किक खाली जात नाही. इंजिन जाम.

माहिती एकदा लिहून ठेवतो, पुढे शोधाशोध नको. हिरो होंडा सीबीझेड, मॉडेल २०००, १५६.८ सीसी, पुढे डिस्क ब्रेक, नुसत्या किकवर सुरू होणारी. माझ्याकडे आली नोव्हेंबर २००६ मध्ये, सेकंडहँड. तेव्हाच का घेतली, ते नंतर कधीतरी.

मेस्त, म्हणजे आमचा मेकॅनिक, बघायला आला होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "पयलीं उगड मरे, मागीर रड." (आधी उघड तर खरी, मग रड.) गोव्यात, आमच्या डिचोलीत, त्याच्याइतका जुना हात दुसरा नाही. सुट्ट्या भागांसाठी म्हापशाचे हेलपाटे मी घालायचे आणि इंजिन बसवताना तो शेजारी बसणार, असं ठरलं. बाकीचं काम माझं. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करतो, तर घरचं एक करायला काय हरकत आहे.

आज केलेलं: प्लग काढून भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडलं. मुरू दे आठवडाभर.

१४ मे, रविवार

किक हलली! आधी बोटभर, मग अर्धी, मग कचकन पूर्ण. हेड आणि सिलिंडर उतरवला. पिस्टन जिथे चार वर्षं थांबून होता, तिथे बोअरमध्ये गंजाची गोल कडी उमटलीय. मेस्ताने नखाने चाचपून सांगितलं, अर्धा साइज. म्हणजे लेथवर बोअर अर्धा मिलिमीटर वाढवायचा आणि पिस्टन-रिंगा त्या मापाच्या घ्यायच्या.

संध्याकाळी इमोलाच्या सुपरबाइक शर्यतीचा निकाल बघितला. निकी हेडन, माझा आवडता अमेरिकन रेसर, पुन्हा मागेच. होंडाची नवी गाडी त्याच्या हाताला अजून लागत नाहीये. लागेल. वेळ घेतो तो.

१८ मे, गुरुवार

काम नाही.

काल इटलीत, रिमिनीजवळ, निकी सायकलवरून सरावाला गेला होता. एका चौकात मोटारीने उडवलं. आधी रिमिनीच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून चेसेनाला हलवलं. डोक्याला मार आहे.

खरं सांगायचं तर 'सायकल' हा शब्द वाचून पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. तीनशेच्या वेगात आपटून उठलेला माणूस, सायकलवरून पडून त्याला काय होणार! पुढची ओळ मग वाचली.

२० मे, शनिवार

सिलिंडर लेथवरून आला. आतून तिरक्या बारीक रेघांची जाळी, उन्हात धरला की चमकते. तेल धरून ठेवायला ती जाळी लागते, अगदी गुळगुळीत बोअर कामाचा नाही. रिंगांचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासला, बरोबर. पुढे हात चालेना. दर दहा मिनिटांनी फोन बघतोय, आणि फोनला ग्रीस लागतंय.

२२ मे, सोमवार

निकी गेला. वय ३५. जुलैत ३६ पूर्ण झाली असती.

बातमी रात्री आली. पडवीत दिवा लावून बसलो. समोर वर्तमानपत्रावर नवा पिस्टन, त्याच्या शेजारी गजन पिन आणि दोन सर्कलिपा. बायकोने जेवायला हाक मारली, मग बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न बोलता आत गेली. थोड्या वेळाने ताट झाकून ठेवल्याचा आवाज आला.

आईने मात्र विचारलंच, "कोण रे गेला?" काय सांगणार? अमेरिकेत केंटकी नावाच्या राज्यात ओवन्सबोरो म्हणून गाव आहे, तिथला एक मुलगा. मी त्याला कधी भेटलो नाही, त्याला माझं नाव माहीत नाही. "ओळखीचा होता," म्हणालो. ती म्हणाली, "मग आंघोळ करून घे." केली.

२४ मे, बुधवार

कारखान्यात चहाच्या वेळी एकाने ऐकवलं, "तुझा तो रॉसी असता तर समजलो असतो. ह्याने जिंकलंय काय?"

रॉसी म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला मोठा रेसर. तेव्हा काही बोललो नाही. इथे लिहितो.

मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सगळ्यात वरच्या वर्गात, निकीने आख्ख्या कारकिर्दीत तीन शर्यती जिंकल्या. लगुना सेका २००५, आसेन २००६, लगुना सेका २००६. तीनच. आणि तरी २००६ चा जगज्जेता तो आहे, कारण त्या वर्षी तो दर रविवारी पोहोचत होता. दुसरा, तिसरा, पाचवा, पण पोहोचत होता. सतरा शर्यतींपैकी फक्त एकीत तो पडला, आणि तीही स्वतःच्या चुकीने नाही. पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला त्याच्याच संघाच्या पेड्रोसाने आत घुसताना घसरून त्याला सोबत नेलं. वाळूत गुडघ्यावर बसून निकी हात आपटत ओरडत होता. बारा गुणांची आघाडी त्या एका वळणावर गेली आणि रॉसी आठ गुणांनी पुढे झाला.

त्याच शर्यतीत शेवटच्या रेषेवर टोनी इलियासने रॉसीला २ सहस्रांश सेकंदांनी हरवलं. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०. हे पाच गुण रॉसीला मिळाले असते तर हंगामाअखेर दोघे २५२ वर बरोबरीत आले असते, आणि जास्त शर्यती जिंकलेला म्हणून किताब रॉसीचा झाला असता. २ सहस्रांश! माझ्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा ह्यापुढे जाडी वाटते. (वेळ आणि जाडी एका मापात धरतोय, कळतं मला. आज चालवून घ्या.)

२९ ऑक्टोबर २००६, व्हॅलेन्सिया. दिवाळी होऊन आठवडा झालेला, तुळशीचं लग्न तोंडावर. आमच्याकडे केबल नव्हती, शेजाऱ्यांच्या ओट्यावरून खिडकीतून बघत होतो. पहिल्या जागेवरून निघालेला रॉसी पाचव्या फेरीत पडला. ओट्यावर मी एकटाच ओरडलो आणि शेजारच्या आजी दचकून बाहेर आल्या. पेड्रोसाने ह्या वेळी निकीला पुढे जाऊ दिलं. निकी तिसरा आला. २५२ विरुद्ध २४७. झेंडा घेऊन फिरताना हेल्मेटच्या आत रडत होता तो.

दुसऱ्या आठवड्यात मी ही गाडी घेतली. होंडा पाहिजे होती, आणि माझ्या पैशात बसणारी होंडा म्हणजे हिरो होंडा.

२९ मे, सोमवार

आज ओवन्सबोरोच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा अंत्यविधी.

पिस्टन बसवला. बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवून. हेड बसवलं, टॅपेट लावले. मेस्त शेजारी बसून विडी ओढत होता. एका शब्दाने टोकलं नाही. हा त्याचा सर्वात मोठा शेरा.

४ जून, रविवार

मुजेल्लोची मोटोजीपी शर्यत. शर्यतीआधी सगळे निकीसाठी शांत उभे राहिले. जिंकला डोविझिओसो, २०१३ मध्ये डुकाटीवर निकीच्याच संघात असलेला. डुकाटीत पाच वर्षं काढली निकीने. ती गाडी तेव्हा भल्याभल्यांना वळत नव्हती, रॉसीसुद्धा दोन वर्षांत कंटाळून गेला. हा राहिला, दर रविवारी पडत-सावरत.

कार्ब्युरेटर साफ केला. पायलट जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) पूर्ण बुजलेला, गिटारच्या तारेने मोकळा केला. पायलट जेट म्हटलं की मला माझा मामा आठवतो. म्हापशाच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन तीसेक वर्षं पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, होता. मला गाडी त्यानेच शिकवली. प्रत्येक फाट्यावर तो एक पाय खाली टेकवायचा, रस्ता मोकळा दिसत असला तरी. मागचं गिऱ्हाईक कंटाळायचं. "पाय टेकलो की दोळे उगडतात," म्हणायचा. खाणीचे ट्रक जोरात चालायचे त्या काळात ह्या सवयीवर हसायला कुणी उरायचं नाही.

११ जून, रविवार

मृगाचा पाऊस, पडवीत दोन्ही बाजूंनी झोत. गाडी आत ओढली. वायरिंगला हात लावला नाही.

लेकीला (नऊ वर्षांची) नंबरची गोष्ट सांगितली. ६९ हा नंबर मूळचा निकीच्या वडिलांचा. ते मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळायचे आणि फार पडायचे. उलटे पडलो तरी लोकांना नंबर सुलटा वाचता यावा म्हणून ६९ घेतला, असं गमतीने सांगायचे. लेकीने लगेच वहीत इंग्रजीत लिहून वही फिरवली. खरंच! मग मराठीत लिहिलं, ६९, आणि फिरवलं. काहीच होईना. "पपा, मराठीतला उलटा पडला तर कुणाला कळणार नाही," म्हणाली, काळजीच्या सुरात.

आई आतून: "छत्तीसचा आकडा ऐकला होता, हा एकोणसत्तरचा कुठला काढला?"

नंबर टाकीवर घालायचा, इंग्रजी आकड्यांत, हे आज ठरलं. मोठा नाही, तळहाताएवढा.

२४ जून, शनिवार

सांजांव, ख्रिस्ती लोकांचा पावसाळी सण. आमच्याकडे त्याचा गाजावाजा नाही, पण धाकटा भाऊ शिवोलीला मित्रांकडे होड्या बघायला गेला आणि डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून परत आला. त्याच अवतारात त्याने किक मारली. बाराव्या किकला फटका बसला, विसाव्याला इंजिन धरलं. निळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. आयडलवर चालत राहिली. भावाच्या कोपेलची पानं थरथरत होती.

मेस्ताला फोन लावून फोन सायलेन्सरजवळ धरला. तो म्हणाला, टॅपेट अजून थोडो वाजता.

९ जुलै, रविवार

पेंटरकडे टाकी आणि साइड पॅनल नेले. हा माणूस दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं, देवळाच्या कमानी, सगळं हाताने रंगवतो. आता सगळे फ्लेक्सच्या मागे, त्यामुळे थोडा चिडलेला असतो. टाकी वळवून बघितली आणि म्हणाला, आता नाही. "पावसांत लॅकर मारल्यार धवो पडटा." हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि वर दुधाची साय धरल्यासारखं दिसतं. चतुर्थीनंतर ये.

विचारलं, "आंकडे मराठींतले घालूं काय इंग्लीश?" त्याला लेकीचा प्रयोग सांगितला. त्याने खडूने फरशीवर दोन्ही काढून वाकून उलटे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. बाहेर पाऊस जोरात होता म्हणून आणखी अर्धा तास त्याच्याकडेच थांबलो.

३० जुलै, रविवार

त्याचा वाढदिवस. चेन सॉकेट बदलला. काही लिहावंसं वाटत नाही.

ऑगस्ट, सप्टेंबर

चवथ, कारखान्याची वार्षिक दुरुस्ती, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. कागदपत्रांच्या नूतनीकरणासाठी एका कचेरीत तीन वेळा गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा सर्व्हर नव्हता, एकदा दोन्ही होते पण फॉर्म संपले होते. गाडी झाकलेली. शॉकअपची सीलं आली, बसवली.

८ ऑक्टोबर, रविवार

टाकी तयार, असा निरोप आला. गेलो तर पेंटरच्या पडवीत नरकासुराचे मुखवटे वाळत ओळीने ठेवलेले, एकेकाचे डोळे ताटाएवढे, आणि मधोमध स्टुलावर माझी टाकी. काळी, वर पांढरा ६९. ब्रशने काढलेला, स्टिकर नाही. सहाच्या पोटाला किंचित जाड रेघ, नऊच्या डोक्याला तशीच. मी टाकी उलटी करून बघितली. जाडीसुद्धा जुळत होती! पैसे ठरल्यापेक्षा शंभर कमी घेतले. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

तारीख लिहिल्यावर लक्षात आलं. व्हॅलेन्सियाला बरोबर अकरा वर्षं.

आज पुढच्या ब्रेकची हवा काढली. मास्टर सिलिंडरमध्ये नवा किट घालून झाला होता, पण लिव्हर स्पंजासारखा. लेक सीटवर बसून लिव्हरवर, मी खाली कॅलिपरच्या निपलला नळी लावून, नळीचं टोक बाटलीत. "दाब. धर. धर... सोड." नळीतून बुडबुडे येतात, आधी साबुदाण्याएवढे, मग मोहरीएवढे, मग एखादाच. ती कंटाळली नाही. दर वेळी "धर" म्हटलं की ओठ दाबून धरायची. चाळीसेक वेळा केलं असेल. लिव्हर दगडासारखा झाला.

आणि त्या आनंदात झाकण लावताना माझ्या हातून फ्लुइड सांडलं. ब्रेक फ्लुइड रंग खातं, हे मी कारखान्यात नव्या पोरांना ओरडून सांगतो. फडकं घेईपर्यंत थेंब टाकीवरून ओघळून नवाच्या शेपटीत शिरला होता. पाणी मारलं, पुसलं. शेपटीचा रंग सुरकुतून फडक्याला आला.

लेक म्हणाली, "आता तो सहा आणि शून्य झाला." तसा अगदीच नाही, पण झालाच आहे थोडा.

संध्याकाळी फाट्यापर्यंत पहिली फेरी. ब्रेक उत्तम.

४ नोव्हेंबर २०१८, रविवार

ह्या वहीत वर्षभर काही लिहिलं नाही, कारण गाडी चालते. आज लिहितोय ते गाडीसाठी नाही.

निकीच्या अपघाताच्या खटल्याचा निकाल लागल्याचं वाचलं. मोटारवाला वेगमर्यादेपेक्षा जोरात होता, त्याला शिक्षा झाली. आणि थांबायची पाटी निकीच्या बाजूला होती. तो थांबला नव्हता. दोषाचा काही वाटा त्याच्याकडेही आला.

दीड वर्ष मी मनात त्या मोटारवाल्याला शिव्या घालत होतो. सोपं होतं ते. आता वाचल्यावर कुणावर रागवायचं? निकीवर रागवावं तर जीभ उचलत नाही. पण राग येतो. सतरापैकी सोळा शर्यती पूर्ण करणारा माणूस! तू दर वेळी पोहोचायचास ना रे? एका साध्या फाट्यावर, पाय टेकायला किती वेळ लागतो?

तिथल्या लोकांनी त्या चौकात त्याच्या आठवणीत बाग केलीय, असं वाचलं.

नोंद राहू नये म्हणून हे पान फाडणार होतो. राहू दे.

गाडी: मागचे ब्रेक शू अर्ध्यावर. अजून हजार किलोमीटर चालतील.

१४ एप्रिल २०१९, रविवार

ऑस्टिनच्या शर्यतीत परवा मोटोजीपीने ६९ नंबर कायमचा काढून घेतला. आता त्या वर्गात हा नंबर कुणाला मिळणार नाही. म्हणजे जगात ६९ लावून फिरणाऱ्यांत आता मी आहे, तोही धड नव्वा नसलेला. पेंटर दोनदा म्हणाला, आणून दे, शेपूट काढून देतो. नेली नाही अजून.

सुट्टीत लेकीला जुनी सायकल नीट करून दिली. जूनपासून शाळेला सायकलनेच जाणार म्हणते. शाळेच्या वाटेवर एक फाटा लागतो, एका बाजूला आंब्याचं झाड आणि कंपाउंडची भिंत, त्यामुळे साखळी गावाकडून येणारं काही दिसत नाही. तीन दिवस सकाळी सहा वाजता तिला तिथे नेतोय. मी झाडाखाली उभा, ती येते, पाय टेकते, उजवीकडे बघते, डावीकडे बघते, परत उजवीकडे, मग जाते. काल एकदा न टेकता गेली. रस्ता रिकामा होता. मी इतका ओरडलो की दूधवाला थांबला. ती रडली. घरी येताना दोघंही सायकल हातात धरून चालत आलो.

आज तिनेच विषय काढला. मागच्या मडगार्डवर ६९ पाहिजे. पेंटरकडे जायला वेळ नव्हता म्हणून रेडियमच्या पट्टीतून कात्रीने कापून दिला, लाल रिफ्लेक्टरच्या वर. चिकटवताना म्हणाली, "पपा, सुलटा लागला ना?"

बघ तूच, म्हटलं.

मागच्या चाकाच्या दोन आऱ्या सैल आहेत. पुढच्या रविवारी ताणायच्या.